बेलकोटची हरकत

६ फेब्रुवारी

सहा हजार! बेलकोटात सहा हजार घरं! आकडा ऐकला आणि दातातला दोरा तुटला — शैलश्रीबाईंची एक भुवई अर्धीच राहिली.

सकाळी पार्लर उघडायला गेले तर शटरशेजारी भिंतीवर लाल बाण. ओला. बोटाला लागला. तसेच बाण पार दक्षिण वेशीपर्यंत. दोन माणसं डबा-ब्रश घेऊन पुढं चाललेली. कशाचे बाण म्हणून विचारलं तर एकजण म्हणतो, "हमना क्या मालूम मॅडम. ऊपरसे बोले, मारे."

मग शैलश्रीबाई आल्या. गुंडेरावांच्या पत्नी — पेठेत सगळ्यात मोठं कापड दुकान त्यांचं. त्यांनीच सांगितलं. नवा आराखडा आलाय म्हणे. वरून प्रत्येक गावाला टार्गेट असतं, अमुक वर्षांत अमुक घरं. बेलकोटला सहा हजार. अहो, तटाच्या आतलं-बाहेरलं सगळं गाव मोजलं तरी आज तेवढी घरं भरणार नाहीत! गावावर दुसरं गाव!

म्हणलं, "ठेवायची कुठं?"

त्या आरशात बघतच म्हणाल्या, "तेच की. एका अंगाला किल्ला, एका अंगाला दरी, तिसऱ्याला तळं."

"आणि चौथ्या अंगाला?"

"चौथ्या अंगाला तुम्ही."

आम्ही. म्हणजे तटाबाहेरचं बौद्धनगर. आणि आमच्या डोक्यावरचा माळ.

७ फेब्रुवारी

पुरसभेत — नगरपालिकेत — जाऊन नकाशा बघितला. लावलाय कुठं, तर जिन्यात, पाण्याच्या कूलरच्या मागं! कूलर सरकवायला लावला.

माळ सगळा पिवळा. पिवळं म्हणजे घरं. तटाच्या आत पाच मजल्यांपर्यंत परवानगी. दक्षिण वेस पाडून मोठा रस्ता — लाल बाण त्याचेच. आणि बौद्धनगर करड्या रंगात, वर कन्नडमध्ये लिहिलेलं — पुनर्विकास. घर दाखवलेलं नाही, गल्ली दाखवलेली नाही, विहार नाही, विहीर नाही. करडा ठिपका नुसता. मी कन्नड शाळेत शिकलेली. अक्षर न् अक्षर वाचलं.

क्लार्क म्हणाला, "हरकत असली तर महिन्याच्या आत द्या. लेखी." मग माझ्याकडं बघून, "तुम्ही पार्लरवाल्या ना?"

म्हणलं, "होय. वाचताबी येतं."

८ फेब्रुवारी

घरात भांडण.

अमरदीप, माझा धाकटा भाऊ, आठवड्यानं घरी आला. बोअरच्या गाडीवर काम, कधी आळंद, कधी औराद. येतो तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत माती. जेवता जेवता मी नकाशाचं सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडला — माझ्यावर!

"अक्का, घरं येयलेत तर येऊ दे की. तू कामून आडवी पडायलीस?"

"आपल्यासाठी नाहीत ती."

"तुला काय म्हायती? तू काय कंपनीची मालकीण हायस?"

त्याची बायको अंजू भाकरी वाढत होती. तिनं नजर फिरवली — खोलीभर. मला कळलं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत माय, मी आणि त्यांच्या दोन्ही पोरी. मागं चूल, तिथंच ती दोघं. मी नवऱ्याचं घर सोडून आले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा "थोडे दिवस" म्हणून आले होते. कुणी आजवर एक शब्द काढला नाही. आजही काढला नाही. पण नजर फिरली.

१० फेब्रुवारी

अमरदीप न बोलता कामावर गेला. जाऊ दे.

१३ फेब्रुवारी

मायला घेऊन माळावर गेले. ती गुडघ्याचं कारण सांगत होती, पण वर गेल्यावर माझ्या पुढं.

माळ म्हणजे काय आहे? परक्या माणसाला काहीच दिसणार नाही. लाल दगड, भोकाभोकाचा, वर बोटभर माती. ज्वारीसुद्धा धड येत नाही. शेळ्या चरतात. पण पाऊस पडला की पाणी वाहत खाली येत नाही — दगडच पिऊन टाकतो. आणि मग वर्षभर सावकाश खाली सोडतो. आमच्या विहारापुढच्या विहिरीत, मग तळ्यात, मग तटातल्या बावड्यांत. मायच्या भाषेत, "ह्यो डोंगर न्हाई, रांजण हाय."

तिनं बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. ती तेव्हा परकरातली. पेठेतल्या सगळ्या बावड्या आटल्या. आमची विहीर तेवढी जिवंत. "आतल्या बाया घागरी घिऊन आपल्या विहिरीवर आल्या, बाई. ज्यांच्या बावडीला आमी शिवलं तर मारायला धावायचे, त्या! तेवढा उन्हाळा कुनाला इटाळ झाला न्हाई."

"मग पाऊस पडल्यावर?"

"मग झाला की परत!" असं म्हणून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मला नाही हसू आलं. त्या रांजणावर सिमेंट ओतणार हे लोक.

२० फेब्रुवारी

समिती निघाली. बेलकोट वारसा बचाव समिती. गुंडेराव अध्यक्ष. बैठक त्यांच्या दुकानाच्या वर, पंखे, चहा, बिस्किटं. तटाबाहेरची मी एकटीच. पुरुष खुर्च्यांवर, बायकांसाठी सतरंजी. मी खुर्ची ओढली आणि बसले. सगळ्या माना वळल्या. वळल्या तर वळल्या!

गुंडेराव माणूस गोड बोलतो. हरकतीचा मसुदा वाचून दाखवला — किल्ला, वेस, बहामनी तट, लाकडी कोरीव खिडक्या. फार सुंदर लिहिलेलं. माळाबद्दल एक ओळ नाही!

मी विचारलं. तर म्हणाले, "स्नेहलबाई, आधी वारसा वाचवू. माळाचं मागून बघू."

"मागून नको अण्णा. ह्याच कागदावर."

"ते वेगळं प्रकरण हाय हो."

"तुमच्या बावडीतलं पाणी कुठून येतं मग?"

समितीच्या वकिलांनी मसुदा पुढं ओढला. शेवटी घातलं — माळ आणि पाणी, सहाव्या कलमात. खाली उतरताना शैलश्रीबाईंनी माझा हात दाबला. त्या सतरंजीवर होत्या.

५ मार्च

आज पार्लरमध्ये नियम केला — खुर्चीत बसलेली बाई सही केल्याशिवाय उठायची नाही! तोंडाला फेशियलचा लेप, हातात पेन. कन्नडमध्ये सह्या, मराठीत, उर्दूत. एक नवरी हळद लागायच्या आधी सही करून गेली. रुद्रम्मा — दारोदार भाजी विकते, पार्लरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं — टोपली बाहेर ठेवून आत आली आणि म्हणाली, "मला तोंडाला काय बी लावू नको. सही कुटं करायची ते सांग."

बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

१८ मार्च

सुनावणी झाली.

पुरसभेचा हॉल भरून बाहेर व्हरांड्यात माणसं. आराखडा करणाऱ्या कंपनीचे साहेब बंगळूरहून आलेले. तरुण, चष्मा, आवाज अगदी मऊ. पडद्यावर चित्रं — आमच्या माळावर उंच उंच इमारती, मधे हिरवळ, हिरवळीवर गोरी गोरी मुलं. कन्नडमध्ये म्हणाले, ही घरं भविष्यासाठी आहेत.

मी उठले. म्हणलं, "भविष्याचं नाव काय साहेब? कुठं राहतंय? आमच्या गावात तर भविष्य पुण्याला आणि हैदराबादला जातं बसमध्ये बसून."

हसू फुटलं हॉलमध्ये. मी थांबले नाही. विचारलं, हा सहा हजारांचा आकडा कुणी काढला? म्हणाले, सूत्र आहे. म्हणलं, सूत्रानं बेलकोट बघितलंय का? एका बाजूला किल्ला, त्याच्या अंगाला वीट लावता येत नाही. एका बाजूला दरी. हे सूत्राला माहीत आहे? तर साहेब म्हणाले — आणि अगदी साधेपणानं म्हणाले, चेष्टा नव्हे — "प्रत्येक गावाला भेट देणं शक्य नसतं मॅडम."

काय गलका! रुद्रम्मा ओरडली, "बेड! नमगे बेड!" — नको, आम्हाला नको! सगळा हॉल तेच ओरडायला लागला. बेड! बेड! मला वाटलं, झालं. जिंकलो.

आणि मागून कुणीतरी हात वर केला. अमरदीप. कामावरून तसाच आलेला, मातीच्या कपड्यात.

"साहेब, मी ह्यांचा भाऊ हाय. मला घर पायजे. दोन खोल्यांत आम्ही सहाजन राहायलाव. पोरी मोठ्या व्हायलेत माझ्या. हितं नको नको म्हणून कोण वरडायलेत ते बघा — ज्यांची घरं मोठी हायत ते."

माझ्याकडं कुणी बघेना. साहेबांनी तेवढ्यात पेनचं टोपण काढलं. मी बोलत होते तेव्हा ते पेन टेबलावर पडून होतं. माझ्या भावाचं तेवढं लिहून घेतलं!

१९ मार्च

अमरदीपशी बोलले नाही. मायनं दोघांना एका ताटात वाढायची धमकी दिली.

२० मार्च

दिवसभर हात चालत होता, डोकं दुसरीकडं. राग कशाचा आला मला? त्यानं चारचौघांत पाडलं ह्याचा? की तो खोटं बोलला नाही ह्याचा?

समितीच्या कागदावर "घर" हा शब्दच नाही. किल्ला आहे, खिडकी आहे, मी घुसवलेला माळ आहे. ज्याला घर नाही त्यानं काय करावं ते नाही. नुसतं नको नको म्हणून चालायचं नाही. कुठं पाहिजे ते पण आपणच सांगायचं!

संध्याकाळी त्याच्यापुढं चहा ठेवला. म्हणलं, "घर पाहिजे हे खरं. पण माळावर न्हाई."

"मग कुठं?"

"बघते."

"बघ," म्हणाला. चहा पिला.

२३ मार्च

रुद्रम्माबरोबर तटातल्या गल्ल्या फिरले. ती टोपली घेऊन पुढं, मी मागं. तिला कुठलं दार उघडतं आणि कुठलं नाही ते पाठ. गल्लीत निम्म्या दारांना कुलपं! मालक हैदराबादला, कुणी अमेरिकेत. वर्षातून एकदा जत्रेला येतात, झाडून घेतात, जातात. आणि स्टँडजवळची बंद जिनिंग मिल — केवढं मैदान! भिंती पडलेल्या, आत बाभळी. तिथं पाण्याचं काही बिघडत नाही, वेस पाडावी लागत नाही, रस्ता तयार आहे.

लिहून काढलं. गावाला घरं पाहिजेत — गावातल्या माणसांना पुरतील एवढी. आधी कुलपं उघडा. मग मिलची जागा घ्या. सहा हजार हा आकडा आमचा नव्हे.

अमरदीपनं दोनदा वाचलं. "मिलची जागा बरी हाय," एवढंच म्हणाला. अंजू मात्र म्हणाली, "अक्का, तिथं नळ बी जवळ पडंल."

२५ मार्च

समितीत वाचून दाखवलं. मिलचं सगळ्यांना आवडलं. कुलपांचं वाचलं आणि गुंडेरावांचा चेहरा उतरला.

"लोकांच्या घरात कामून डोकवायलाव, स्नेहलबाई? त्या खासगी मालमत्ता हायत."

मला तिथंच उमगायला पाहिजे होतं. बाहेर आल्यावर रुद्रम्मानं सांगितलं — त्या गल्लीतली बरीच कुलपं त्यांच्याच भावकीची.

"आमच्या समितीचा एक आवाज राहू द्या," गुंडेराव जिन्यात मला म्हणाले होते. अजून गोडच.

२ एप्रिल

पेढे आले! पार्लरमध्ये, चांदीच्या वर्खाचे, गुंडेरावांच्या माणसाच्या हातानं. "अभिनंदन, वेस वाचली." दुकान तसंच उघडं टाकून पुरसभेत धावले.

सुधारित नकाशा. वेस वाचली. पाच मजले रद्द. तटाच्या आत हात लावणार नाहीत — एक वीटसुद्धा नाही. समितीनं हरकत मागं घेतलीय, अध्यक्षांच्या सहीनं. आणि सहा हजार? सहा हजार सहा हजारच! आतली जेवढी कमी झाली तेवढी माळावर चढवली. आधी तिथंही पाच मजले होते, आता नऊ. करडा ठिपका गेला. त्या जागी रस्ता. आमच्या घरावरून रस्ता.

पेढ्यांचा डबा तसाच उचलला आणि गुंडेरावांच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. गिऱ्हाइकं होती. म्हणलं, "अण्णा, गोड जात न्हाई. आमच्या माळाचं पाणी पिता ना घरी? त्याच्याबरोबर तुम्हीच खा."

ते म्हणाले, "जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. सगळं मिळत नसतं, बाई."

"तुम्हाला मिळालं की सगळं."

५ एप्रिल

पार्लरचा गाळा खाली करा म्हणून निरोप. गाळा गुंडेरावांच्या धाकट्या भावाचा. भाडं देत आले, पण आजवर मनातही आलं नव्हतं की ही भिंत कुणाची आहे. ती लाल बाणाची भिंत.

रडले थोडं. आरसा उतरवताना. मग म्हणलं, आरसा माझा आहे, खुर्ची माझी आहे, हात माझे आहेत. चला!

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक नेहमीप्रमाणं दक्षिण वेशीतून आत गेली. पोरांनी मोठा फलक केला होता — माळ आमचा, पाणी सगळ्यांचं. पेठेत वरच्या खिडक्यांतून लोक बघत होते. ढोलापुढं मी इतकी नाचले की माय म्हणाली, बास कर बाई, गुडघे माझे दुखायले.

१७ एप्रिल

पार्लर आता घरातच. पुढच्या खोलीत आरसा, खुर्ची दारात उजेडाला. पोरी शाळेला गेल्या की चालू. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. मनात आलं — पेठेतल्या बाया बौद्धनगरात कशाला येतील? सही करणं वेगळं, दारात येऊन बसणं वेगळं.

आज रिक्षा थांबली. शैलश्रीबाई! डोक्यावरून पदर, अख्ख्या गल्लीच्या समोर उतरल्या, खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "भुवया कर."

मी दोरा घेतला. मायनं पाणी दिलं. त्या घटाघटा प्यायल्या, तांब्या मागून परत प्यायल्या. मग म्हणाल्या, "घरात मी बोलले. ते म्हणाले, तुला काय कळतंय, तू गप बस. लग्न झाल्यापासून गपच हाय मी, स्नेहल."

"मग आता?"

"आता तुझ्या नव्या हरकतीवर बीदरला सुनावणी हाय म्हणे ना? मला घिऊन जायलीस का?"

दुपारपर्यंत आणखी चौघी आल्या. त्यांच्या रिक्षामागून.

२२ एप्रिल

विहीर लाल झाली!

सकाळी अंजू पाणी आणायला गेली आणि ओरडतच आली. सगळी वस्ती काठावर. पाणी कुंकवासारखं, आणि खाली गेलेलं — शेवाळाची ओली रेघ वर राहिली, पाणी कुठंच्या कुठं खाली. माय काठावर बसली ती उठेना. बहात्तरलासुद्धा असं झालं नव्हतं म्हणाली.

काल माळावर इमारतींसाठी चाचणीचं बोअर घेतलं. दिवसभर घरघर ऐकू येत होती. गाडी कुणाची ते मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी अमरदीप आला. दारातच उभा राहिला, आत येईना. अंगावर तीच लाल माती. म्हणाला, "मालकानं गाडी हितं लावली. मला वाटलं चाचणीच हाय, काय व्हतंय. खाली खडक फुटला आन पाणी असं आत गेलं, अक्का — जसं कुणी बूच काढलं." मायनं त्याच्यापुढं बादली ठेवली, हातपाय धुवायला. बादलीतलं पाणीही लालच.

२३ एप्रिल

अमरदीपनं काम सोडलं. मालकाशी भांडून बोअर बुजवून घेतलं — खडी, चिकणमाती, वर सिमेंट. स्वतः उभा राहून. पाणी जरा थांबलं. वर आलं नाही.

२९ एप्रिल

बीदर. डीसी ऑफिस, म्हणजे कलेक्टर कचेरी.

सकाळच्या बसमध्ये आम्हीच जास्त. कंडक्टर म्हणाला, लग्न हाय का? रुद्रम्मा म्हणाली, "व्हय, नवरदेव पळून जायलाय, धरून आणायला चाललाव."

हॉलमध्ये तेच मऊ आवाजाचे साहेब, शिवाय सुनावणी घेणाऱ्या मोठ्या अधिकारी, एक बाई — केस पांढरे, ऐकताना मान एका बाजूला. वरून सारखी एअर फोर्सची विमानं जात होती. गेलं की बोलणं थांबवायचं, मग पुढं. त्यामुळं प्रत्येकाला दम घ्यायला मिळत होता. बरंच झालं.

साहेब म्हणाले, बेलकोटच्या समितीनं हरकत मागं घेतलेली आहे.

शैलश्रीबाई उठल्या. मी त्यांचा पदर धरला होता, तो सोडवून घेतला. "ती सही माझ्या मालकांची हाय. माझी सही पहिल्या कागदावर हाय. ती मी मागं घेतलेली न्हाई." खाली बसल्या आणि पदर परत माझ्या हातात दिला.

मी माळाचं सांगितलं, मिलचं सांगितलं, कुलपांचं सांगितलं. ह्या वेळी आवाज चढवला नाही.

मग अमरदीप. "बोअर मी मारलं मॅडम. माझ्या हातानं. एका बोअरनं आमची विहीर गेली. तिथं शेकडो घेणार म्हणायलेत."

मऊ साहेबांनी चष्मा वर केला. "तुम्हीच मागच्या वेळी घर मागितलं होतं ना?"

"आजबी मागतो. घर पायजेच हाय मला. पन त्यात राहून पिऊ काय?"

विमान आलं. सगळे थांबलो. विमान गेल्यावर त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग एवढंच विचारलं, "ही विहीर मला बघता येईल का?"

३ मे

बाई आल्या. काठावर उभ्या राहिल्या, वाकून बघितलं. उतरल्या — साडी खोचून, पायऱ्यांनी खाली! हातात पाणी घेतलं, वास घेतला. माळावर चालत गेल्या. मायनं त्यांनाही बहात्तर सांगितलं. चहा पिऊन गेल्या.

९ मे

रद्द!! सहा हजार रद्द! माळ वाचला!

डीसी ऑफिसातून फोन आला, मलाच. सविस्तर आदेश मागून येईल, पण आकडा गेला. मिलची जागा घरांसाठी विचारात घेणार. मी फोन ठेवला आणि ओरडत गल्लीत पळाले, पायात चप्पल नव्हती. रुद्रम्मानं टोपलीतले टोमॅटो वाटले. विहारात सगळे जमले, वंदना झाली. शैलश्रीबाईंचा फोन — नुसत्या हसत होत्या.

गुंडेराव वेशीत भेटले. "सगळ्या गावानं मिळून केलं," म्हणाले. म्हणलं, "व्हय अण्णा. सगळ्या गावानं."

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. खीर केली, विहिरीच्या पाण्याची. पाणी निवळायला लागलंय. माय म्हणते, एक पावसाळा जाऊ द्या.

अमरदीपनं विटा आणल्या. म्हणाला, मिलची घरं कधी होतील तेव्हा होतील, तोवर मागच्या अंगणात एक खोली काढू, पोरींना. पोरी खुणा करायलेत — इथं खिडकी, इथं टेबल. त्याला परत एका गाडीवर काम मिळालंय, औरादकडं. पाणी बघणाऱ्यानं आधी जागा दाखवावी, मग मी गाडी लावतो म्हणतो. मालक वैतागलाय.

१८ मे

भिंत गुडघ्याएवढी झाली. आज मी पार्लर बंद ठेवलं आणि विटांच्या पाट्या उचलल्या.

२१ मे

सविस्तर आदेश आला. माळ वाचवायचा म्हणून वेशीपासून माळापर्यंतचा सगळा पट्टा ऐतिहासिक संरक्षित क्षेत्र जाहीर केलाय. आत नवं बांधकाम बंद. परवानगीशिवाय डागडुजीही बंद. बौद्धनगर आत आहे. पेठ वगळली — ती "जुनी वस्ती" म्हणून. आमची वस्ती जुनी नाही म्हणे. माझ्याच हरकतीतली वाक्यं आदेशात आहेत, शब्दाला शब्द.

अमरदीपला वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग ओळंबा उचलला आणि पुढची वीट ठेवली. मी माल कालवायला बसले.